फुईच्या नावाने

आमच्या म्हसावदच्या घरात इंटरनेट यायचं ते आधी कानाला कळायचं. मोठ्या भावाने पुण्याला नोकरी धरली आणि आपला जुना संगणक आमच्या माथी मारला. तो ओसरीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीशेजारी बसवला, कारण फोनची वायर तिथपर्यंतच पुरत होती. जोडणी सुरू केली की आधी खरखर, मग शिट्टी, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा एक लांबलचक आवाज, आणि मग एकदम शांत. शांत झालं की समजायचं, लागलं. तेवढा वेळ घरचा फोन मेलेला असायचा. उसाच्या तोडीचा मुकादम आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावून लावून थकायचा आणि शेवटी मोटारसायकल काढून दारात यायचा. "आप्पा, तुमना फोन बिघडेल शे का?" असं त्याने विचारलं की आप्पा चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "फोन नही बिघडना, पोर बिघडनी." मी शहाद्याच्या कॉलेजात होते, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून जायचे आणि तशीच परत यायचे. बिघडायला मला दुसरी जागाही नव्हती.

त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला फुईची चूल होती. फुई म्हणजे आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती माहेरी आली ती कायमची. आत आईच्या स्वयंपाकघरात गॅस होता, मिक्सर होता, रोजचं सगळं तिथे व्हायचं. पण फुईने आपली मातीची चूल बाहेर वेगळी राखली होती आणि वर्षाचं म्हणून जे काही असतं ते त्या चुलीवर व्हायचं. भरताची वांगी तिथे भाजली जायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिथे व्हायची, आणि उन्हाळा चढू लागला की बिबडे. मी एकदा ब्लॉगवर लिहिलं होतं की बिबडे म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड. ते वाचून दाखवलं तेव्हा फुईला राग आला. "पापड पापड शे, बिबडा बिबडा शे," ती म्हणाली, आणि ते वाक्य मला दुरुस्त करायला लावलं.

तिचंही बरोबर होतं. पापड लाटतात, बिबडा थापतात. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, उपसून सावलीत सुकवायची, चक्कीवरून दळून आणायची. मग पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्यात लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, जिरं, मीठ. पाण्याला उकळी फुटली की पीठ सोडत जायचं आणि लांब लाकडी दांड्याने हाटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. जो घट्ट गोळा शिजतो त्याला आम्ही घाटा म्हणतो. आणि तो चटका देणारा घाटाच, गच्चीवरच्या खाटांवर पसरलेल्या ओल्या धोतरावर, तळहात गार पाण्यात बुडवून बुडवून पातळ थापत जायचा. निवला की थापला जात नाही, म्हणून हे एकटीचं काम नव्हे. एकीने हाटायचं, एकीने वर न्यायचं, चारपाच जणींनी थापायचं आणि ऊन चढायच्या आत संपवायचं. त्या पहाटे घरभर लसणाचा आणि शिजत्या ज्वारीचा जो वास भरायचा त्याने झोपलेलं माणूस आपोआप उठायचं. आम्ही वाटीत घाटा घ्यायचो, मधे खळगा करून त्यात कच्चं तेल ओतायचो आणि बोटांनी खायचो. आजही हे लिहिताना तोंडाला पाणी सुटलं आहे, आणि इथे नंदुरबारच्या माझ्या फ्लॅटमध्ये तेलाची बाटलीसुद्धा डॉक्टरांच्या धाकाने वरच्या फळीवर आहे.

गल्लीत यासाठी ठरलेली रीत होती. आज समोरच्या जिजाबाईकडे, उद्या शेजारच्या घरी, परवा आमच्याकडे. ज्या घरी आपला हात गेला, त्या घरचा हात आपल्याकडे येणार. कोणी लिहून ठेवत नव्हतं आणि कोणी विसरतही नव्हतं. आणि ज्या घरी आपण गेलो नाही, त्या घरच्या बाईला हाक मारायची नाही, एवढं सगळ्यांना न सांगता माहीत होतं. फुई या बाबतीत फार कडक. ती उन्हाळाभर गल्लीतल्या एकूण एक गच्च्यांवर जाऊन थापून यायची, म्हणून आमच्याकडचा दिवस आला की गच्चीवर बायका मावायच्या नाहीत.

मी ब्लॉग काढला तो निव्वळ आश्चर्यापोटी. शहाद्याच्या एका सायबर कॅफेत प्रॅक्टिकलचं काहीतरी शोधताना चुकून एक मराठी पान उघडलं गेलं. कोणा बाईने आपल्या घरी शनिवारी खिचडी कशी लागली, म्हणजे तळाला कशी लागली, आणि ती खरवड घरातल्यांनी भांडून कशी खाल्ली, यावर चांगलं लांबलचक लिहिलं होतं. खाली दहाबारा जणींनी आपापल्या लागलेल्या खिचड्यांबद्दल लिहिलं होतं. मी तोवर मराठीत छापलेलं जे वाचलं होतं ते अभ्यासाचं नाहीतर लग्नपत्रिकेतलं. हेही लिहितात? आणि लोक वाचतात? घरी येऊन आठवडाभर धडपडले आणि एक ब्लॉग उभा केला. नाव दिलं ‘फुईची चूल’. रंग टोमॅटोसारखा लाल ठेवला, त्यावर पिवळी अक्षरं. पुढे कोणीतरी डोळे दुखतात म्हणून तक्रार केली तेव्हा पांढरा केला. खाली भेटींचा आकडा दाखवणारा एक डबा लावला. पहिले कित्येक दिवस त्यात माझ्याच भेटी मोजल्या जात होत्या हे कळलं तेव्हा मला हसू आवरेना.

ब्लॉग सांभाळणं हे म्हशी सांभाळण्यासारखं रोजचं काम होतं. फोटो भावाच्या जुन्या मोबाइलमधून वायरीने काढायचे, लहान करायचे, नाहीतर चढायचेच नाहीत. अर्धा फोटो चढला की वीज जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायचं. औषधांच्या इंग्रजी जाहिराती टिप्पण्यांमध्ये येऊन बसायच्या, त्या रोज झाडून काढायच्या. आणि त्याहून मोठं काम म्हणजे दुसऱ्यांकडे जाणं. खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्या आम्हा मराठी ब्लॉगवाल्यांचा एक गोतावळा होता. दर महिन्याला एकजण पंगत मांडायचा : या महिन्यात शेंगदाणा, या महिन्यात ताक. सगळ्यांनी त्यावर काहीतरी करायचं, लिहायचं, आणि यजमानाने सगळ्यांचे दुवे एका पानावर वाढायचे. पंगत नसेल तेव्हाही जिने आपल्याकडे येऊन दोन ओळी लिहिल्या तिच्याकडे आपण जायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं आणि सगळे पाळायचे. गेलं नाही तर भांडण होत नसे, पण पुढच्या वेळी आपलं अंगण ओस पडायचं. मला यात शिकण्यासारखं काहीच वाटलं नाही. मी गच्चीवरच वाढले होते.

टिप्पणीखाली नाव उमटायचं ते ब्लॉगचं. त्यामुळे सगळे मला फुईच म्हणू लागले. ‘फुई, तुमच्या हाताला चव आहे हो’, ‘फुई, गुडघ्यांची काळजी घ्या’. मी विशीतली पोर, माझे गुडघे ठणठणीत, पण खुलासा करायला जीभ रेटेना, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. चव तिची, हात तिचा, मी फक्त बटणं दाबत होते. संध्याकाळी चुलीपाशी बसून मी फुईला सगळं सांगायचे. तिला आधी वाटलं की पोर टीव्हीसारखं काही बघते. मग तिला त्या बाया ओळखीच्या झाल्या. भाकरी थापता थापता विचारायची, "आज कोना घर गयती तू?" मी सांगायचे, रत्नागिरीच्या बाईकडे, धुळ्याच्या कढईवालीकडे. रत्नागिरीच्या ब्लॉगचं नाव ‘ओलं खोबरं’ होतं, तिथली माधवी शाळेत शिकवायची. धुळ्याचा ब्लॉग ‘निळी कढई’. त्यात ‘घ्यावं, परतावं, उतरवावं’ एवढंच असायचं, स्वतःबद्दल अक्षर नाही, पण भाज्या अशा की फुईसुद्धा मान डोलवायची. "कढईवाली हुशार शे. तिनी सासू चांगली व्हती वाटतं," असा तिने निकाल दिला होता.

एकदा माधवीचा ब्लॉग महिनाभर गप्प राहिला. मग तिने चार ओळी लिहिल्या की आई गेली, आता काही रांधावंसं वाटत नाही, बहुधा हे बंद करीन. खाली ‘भावपूर्ण’, ‘सहभागी आहोत’ असं पुष्कळ आलं. मी फुईला सांगितलं. ती लाकूड आत सारत होती. ते नीट बसवून म्हणाली, "तिले सांग, चूल थंडी ठेवू नको. काई नही ते चहा तरी मांड." मी ते तसंच्या तसं, अहिराणीतच टाकलं. माधवीचं उत्तर आलं नाही. पण आठवड्याने तिच्या पानावर आल्याच्या चहाचा एक फोटो दिसला, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या फाल्गुनात फुई नळाजवळ घसरली आणि उजवं मनगट मोडलं. शहाद्याला नेऊन प्लास्टर घातलं. हाडं जुनी, डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. गल्लीत ज्वारी भिजायला लागली, रोज पहाटे कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवरून बोलण्याचे आणि हसण्याचे आवाज यायचे, आणि फुई ओसरीवर हात गळ्यात अडकवून बसलेली. ती एकाही घरी गेली नाही. आमचा दिवस जवळ आला तेव्हा जिजाबाई स्वतःहून दारात आली. "फुई, कधी करनं शे? आम्ही येतस ना." फुईने मान हलवली. "औंदा मन्हा हात कोना घर गया नही. मी कोनले हाक मारू?" जिजाबाईने परोपरीने समजावलं. आप्पांनी समजावलं. मी तर भांडलेच. फुई आपल्या बोलण्यावरून हलली नाही.

शेवटी आई तिच्या परीने, यंदा विकत आणू म्हणून, मार्ग काढायला गेली. मनात काही नव्हतं तिच्या. "अक्का, औंदा इकत लई लिऊत. बचत गटन्या बाया करतस, चांगला ऱ्हातस." फुई म्हणाली, "लई ये." आण, एवढंच. आणि आमच्याकडे पाठ करून चुलीतली राख डाव्या हाताने ओढत बसली. आप्पा बहिणीला दुखावणारा एक शब्द कधी बोलले नाहीत, आईही नाही. पण या घरात फुईचं स्वतःचं असं काय होतं? नवऱ्याचं घर गेलेलं, मूल नाही, शेत भावाचं. वर्षाच्या डब्यात जे बिबडे असायचे ते तिचे होते. पाहुणा जेवायला बसला की आप्पा म्हणायचे, ‘आमच्या अक्काचे आहेत’, आणि ती आतून ऐकायची. एकदा विकतचा डबा आला की पुढच्या वर्षी हात बरा झाला तरी विकतचाच येणार, सोयीचं म्हणून. हे तिला कळत होतं. ती भांडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

मी ब्लॉगवर लिहिलं : या वर्षी आमच्याकडे बिबडे नाहीत. आणि पहिल्यांदाच सगळं खरं लिहिलं, की फुई मी नव्हे, मी तिची भाची. की तिचं मनगट मोडलं आहे. की आमच्याकडे हात दिल्याशिवाय हात मागत नाहीत. वाटलं, लोक फसवणूक झाली म्हणून रागावतील. ‘अरेरे’ आणि ‘लवकर बऱ्या व्हा’ आलं. घरचा नंबर तेवढा माधवीने आणि कढईवालीने मागितला. दुसऱ्या दिवशी, नेमकी मी संगणक बंद केलेला असताना, फोन वाजला. माधवी होती. "शाळेला सुट्टी लागलीये. मी येत्येय. धुळ्याच्या कढईशी बोलणं झालंय, तिकडूनही येणार आहेत. ज्वारी भिजवा."

मला आनंदाने काय करू नि काय नको झालं, पण फुईला कसं सांगायचं? चुलीपाशी जाऊन बसले. "फुई, दोन जन ई ऱ्हायनात. बिबडा कराले."

"कोन?"

"रत्नागिरीवाली आनि कढईवाली."

तिला त्याचं नवल वाटलं नाही, उलट तिने तोच हिशेब लावला जो जिजाबाईला लावला होता. "त्यासना घर मन्हा हात कधी गया?"

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं. "रोज जास ना. तिकडे जास ती मी, पन नाव तुन्हं सांगस. त्या माले फुईच म्हनतस. रत्नागिरीवालीनी माय मरी गयी तवय तिले चहा मांड असं कोन सांगं? तूच ना? त्यासना घर तूच जास, फुई. मी कोनलेच माहीत नही."

फुईने प्लास्टरमधली बोटं हलवून बघितली. ती तशी सारखीच बघायची. मग विचारलं, "मन्हं नाव सांगस तू?"

"हा."

"सगळास्ना घर?"

"सगळास्ना."

"मंग येऊ दे," ती म्हणाली. "ज्वारी भिजाले टाक. आनि मायले सांग, आते इकत नको." हे सांगताना तिने पदराने तोंड पुसलं, चुलीचा धूर नसताना.

माधवीला घ्यायला मी शहाद्याच्या स्टँडवर गेले. दोन गाड्या बदलून आलेली, उन्हाने लालबुंद. तिने माझ्यामागे म्हातारं कोणी दिसतं का म्हणून पाहिलं, मग मीच ती म्हटल्यावर आधी चेहरा पडला, मग हसत सुटली. फुई मी नव्हे हे तिने वाचलं होतं, तरी डोळ्यांना सवय नव्हती, असं ती म्हणाली. घरी आल्यावर तिने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, सरळ फुईच्या पाया पडली. "तुम्ही मला चहा मांडायला सांगितलं होतं," ती म्हणाली. फुई तिचं कोकणातलं बोलणं नीट कळावं म्हणून पुढे वाकली. "मंग मांडा का?"

"मांडला."

"चांगलं करं," फुई म्हणाली, आणि डाव्या हाताने तिच्या पाठीवरची धूळ झटकली. माधवी तिथेच रडली, आणि मग लगेच घाटा कसा करतात हे विचारायला लागली.

संध्याकाळी कढईवाली आली. मोटारसायकलवरून उतरले ते पिकल्या मिशांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले भामरेकाका. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. फुईने चटकन पदर डोक्यावर ओढला आणि मला विचारलं, "हाऊ कोन?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच हात जोडले. "फुई, मीच ती कढईवाली." बायको गेल्यावर तिची निळी कढई फडताळात बघवेना म्हणून स्वयंपाक शिकले, आणि पुरुष म्हटल्यावर लोक कौतुक फार करतील, चुकलं तरी नावं ठेवणार नाहीत, म्हणून काही सांगितलंच नाही, असं ते म्हणाले. फुई इतकी हसली की गळ्यातली झोळी हलायला लागली आणि हात दुखला. "बाप्या मानूस बिबडा थापी?"

"हात शेतस ना, फुई. काम सांगा."

पहाटे चूल पेटली. फुई पाटावर बसली, हात गळ्यात, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने सांगायची वेळ आली. ती तशी सांगणारी बाई नव्हती. "आते टाक. थांब. जराखं. हाट, हाट, तळे लागी ऱ्हायनं!" भामरेकाका घामाने निथळत हाटत होते. मी घमेली वर नेत होते. माधवीने पहिला गोळा थापायला घेतला आणि हात मागे घेतला, मग पुन्हा पाण्यात बुडवला आणि पुन्हा थापला. तिचे तळवे लाल झाले तरी थांबली नाही. आमचे बिबडे काही गोल, काही बोटभर जाड, एकाचा तर चक्क पपईसारखा आकार झाला. उत्तरेला सातपुड्याची रेघ उजळत होती, आणि ऊन चढायच्या आत आमचं निम्मंसुद्धा होणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. फुईलाही दिसत असणार. खालून तिचा आवाज सारखा वर येत होता, "कितलं व्हयनं?" आणि मी खोटंच सांगत होते.

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. जिजाबाई वर आली, मागे गल्लीतल्या तिघीचौघी. लगेच बसकण मारून त्यांनी हात पाण्यात घातले. खालून फुई ओरडली, "जिजा, मी तुले हाक नही मारी!" जिजाबाईने थापता थापताच कठड्यावरून उत्तर दिलं, "नको मारू. मी कढईवालीले देखाले उनू!" गच्चीवर असा काही हशा पिकला की रस्त्यावरून शेताकडे निघालेली माणसं थांबून वर बघायला लागली. थोड्या वेळाने फुईने खालून मला हाक मारली आणि सांगितलं, जास्तीच्या बाया आल्यात, चहा दूध घालून घट्ट कर.

त्या वर्षीचे बिबडे जाड होते. तळले की मधे कच्चट लागायचे. पाहुणे आले की आप्पा एक बिबडा मोडायचे आणि म्हणायचे, ‘आमच्या अक्काचे आहेत’. फुई आतून ऐकायची आणि हळूच म्हणायची, "त्या धुयावालाना शे तो. जाड शे ना."

पुढच्या वर्षी हात बरा झाला, थोडा वाकडाच. ज्वारी भिजायच्या दिवसांत फुईने बिबडे थापायचं धोतर घडी करून पिशवीत घातलं, आप्पांना एसटीत बसवून द्यायला लावलं आणि माझ्याबरोबर धुळ्याला गेली. भामरेकाकांच्या कॉलनीतल्या गच्चीवर तिने दोन दिवस थापलं. त्यांनी तिला निळ्या कढईत वांग्याची भाजी करून वाढली. परतताना गाडीत ती म्हणाली, "एक व्हयनं. रत्नागिरी कथी शे? नाशिकना पुढे?" मी म्हटलं, लई पुढे, समुद्राजवळ. तिने बाहेर बघत मान हलवली. तेवढा प्रवास तिच्या गुडघ्यांना कधी झेपला नाही. एका हिवाळ्यात ती आजारी पडली ती उठली नाही. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. एकदा मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "रत्नागिरीनं ऱ्हाई गयं." मी म्हटलं, मी जासू. "मन्हं नाव सांगजो," ती म्हणाली.

तो गोतावळा पुढे पांगला. लोकांच्या हातात फोन आले, पंगती बंद पडल्या, सगळ्यांचे दुवे गोळा करणारं संकेतस्थळ एके दिवशी उघडेना. माझं लग्न, नोकरी, नंदुरबार. ‘फुईची चूल’ अजून तिथे कुठेतरी आहे. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन आहेत, भेटींचा डबा गेला आहे, आणि झाडायला कोणी नसल्याने टिप्पण्यांत सगळी औषधंच औषधं साठली आहेत. परवलीचा शब्द मी विसरले, आणि तो परत मिळवायला जो फोन नंबर लागतो तो म्हसावदच्या त्या ओसरीतला होता. स्वतःच्याच घराबाहेर मी उभी असते आणि आत जाता येत नाही.

रत्नागिरीला मात्र जाते. उन्हाळ्यात, पीठ आणि फुईचं धोतर घेऊन. तिथल्या दमट हवेत बिबडे वाळत नाहीत. आम्ही पंख्याखाली ठेवतो, इस्त्री फिरवून बघितली, एका वर्षी तर सगळ्यांना बुरशी आली. माधवी म्हणते, अगं कशाला एवढा त्रास, घाटाच खाऊया. तेल ओतून घाटा खातो आणि उरलेलं तरी थापतोच.

पहिल्यांदा गेले ते फुई गेली त्याच वर्षी, न कळवता. हातात पिशवी, जिना चढून धाप लागलेली. बेल वाजवली. आतून माधवीने विचारलं, "कोण?"

"फुई," मी म्हटलं.